अनाथ पिल्लांसाठी घरटं विणताना: वीण, माप आणि नेहमी होणाऱ्या चुका

पक्षी पुनर्वसन केंद्रात विणलेल्या घरट्यांचा खोका आला की मी प्रत्येक घरट्यात चार बोटं घालते, हलकेच ताणते आणि बाहेरून बघते. बोटाची त्वचा विणीतून दिसली की ते घरटं बाजूला काढावं लागतं. त्यामागे कुणाची तरी दोन संध्याकाळची मेहनत असते, लोकर मऊ असते, रंग मनापासून निवडलेले असतात. तरीही ते पिल्लाखाली ठेवता येत नाही. वीण सैल असते, नाहीतर भिंत बसलेली असते, नाहीतर आतल्या बाजूला गाठ असते.

बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात. बाळासाठी विणायचं म्हणजे मऊ आणि सैलसर विणायचं, असं आपल्या हाताला वळण असतं. पिल्लाच्या घरट्याला मात्र घट्ट, जाड, जवळजवळ ताठ वीण लागते. मऊपणा आत घातलेल्या टिश्यू पेपरने येतो. त्यामुळे स्वेटर विणणाऱ्या सरावलेल्या हातांनाही इथे थोडं नव्याने शिकावं लागतं.

## आधी हे समजून घ्या: घरटं पिल्लाचे पाय सांभाळतं

चिमणीसारख्या पक्ष्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, अंगावर पिसं नसतात आणि वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं. साधारण दोन आठवड्यांत ते घरटं सोडण्याएवढं होतं. एवढ्या थोड्या दिवसांत हाडं वाढतात आणि सांधे पक्के होतात. या काळात पाय पोटाखाली दुमडलेले राहायला हवेत. सपाट खोक्यात किंवा पसरट वाडग्यात ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, आणि ते तसेच राहिले तर पुढे पक्ष्याला फांदी धरून बसता येत नाही. खोलगट, अंगाभोवती बसणारी वाटी पाय जागेवर ठेवते.

ती वाटी आणखी दोन कामं करते. भावंडं एकमेकांना चिकटून राहतात, त्यामुळे ऊब टिकते. आणि वाढलेलं पिल्लू मागे सरकून शेपटीकडची बाजू काठाकडे करतं व पातळ पडद्यात गुंडाळलेली विष्ठा काठावर सोडतं. काठ फार उंच असेल तर ती आतच पडते आणि सगळी भावंडं तिच्यात लोळतात.

इशारा: हे घरटं बंद जागेतल्या देखभालीसाठी आहे. झाडावर बांधण्यासाठी ते वापरू नका. लोकरीची वाटी पावसात पाणी धरून ठेवते, त्यातून पाण्याचा निचरा होत नाही आणि ओलं पिल्लू गारठून मरतं.

## टप्पा 1: विणायच्या आधी केंद्राला विचारा

हा टप्पा सर्वात जास्त वेळा वगळला जातो. चार प्रश्न विचारा: कोणती मापं हवीत, लोकर कोणती चालते, किती नग लागतील आणि कधीपर्यंत. ज्या केंद्रात लहान गाणारे पक्षी येतात त्यांना छोटी घरटी डझनांनी लागतात, कारण एकाच गटाचं घरटं दिवसातून अनेकदा बदलावं लागतं. कावळे आणि कबुतरं जास्त येत असतील तर मोठी लागतात. न विचारता विणलं की मधल्या मापाचा ढीग होतो आणि गरजेचं माप अपुरं पडतं.

केंद्राने वेगळं माप किंवा वेगळी लोकर सांगितली तर या लेखापेक्षा त्यांचं ऐका.

काही पिल्लांना हे घरटं उपयोगाचंच नसतं. बदक, टिटवी, तित्तर यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालू लागतात, ती वाटीत बसत नाहीत. पोपटाची पिल्लं मोठी होऊ लागली की लोकर कुरतडतात आणि धागा गिळण्याचा धोका असतो. पाकोळीची नखं फार तीक्ष्ण असतात, ती विणीत अडकतात, म्हणून तिच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

## टप्पा 2: लोकर निवडा

साधी, गुळगुळीत, मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर घ्या. वेष्टनावर बहुधा वर्स्टेड लिहिलेलं असतं. ती गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुता येते, लवकर वाळते आणि आकार धरून राहते.

शुद्ध मेंढीची लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते आणि तिचा नमदा होतो. आठ सेंटीमीटरचं घरटं तिसऱ्या धुण्यानंतर सहाचं झालं तर त्याचा हिशोब कुणालाच ठेवता येत नाही. सुती धागा पाणी शोषतो, जड होतो, भिंत खाली बसते आणि वाळायला वेळ लागतो. सूत नैसर्गिक असल्यामुळे चांगलं असं अनेकांना वाटतं, पण ओल्या सुती घरट्यात पिल्लाच्या अंगातली ऊब निघून जाते.

पुढच्या प्रकारांना हात लावू नका: केसाळ किंवा पिसारी लोकर, मोहेर, मखमली शेनील, जरीचा किंवा चमकीचा धागा, आणि मध्ये मध्ये गाठी असलेला शोभेचा धागा. कारण एकच आहे, सुटा तंतू. पिल्लाचा पाय आगकाडीहून बारीक असतो. एक तंतू त्याभोवती फिरला, की पाय वाढत जातो आणि तंतू तेवढाच राहतो. रक्त पोहोचणं बंद होतं आणि बोट वाळून गळून पडतं. शहरातल्या कबुतरांची तुटकी बोटं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पॅरिसमधल्या कबुतरांवर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या भागात केशकर्तनाची दुकानं जास्त तिथे बोटं गमावलेली कबुतरंही जास्त असल्याचं आढळलं. माणसाचा एक केससुद्धा एवढं नुकसान करू शकतो. म्हणून विणायला बसताना केस बांधा आणि मांडीवर स्वच्छ कापड घ्या.

रंगाचं पिल्लाला काही नाही. तरी मी फिक्या किंवा मध्यम रंगाचा एकरंगी धागा सुचवते. काळ्या लोकरीवर सुटा धागा, रक्ताचा डाग किंवा किडा दिसत नाही, आणि विणताना टाकेही मोजता येत नाहीत.

इशारा: कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली जुनी लोकर वापरू नका. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतलं फार काही फार लवकर शोषून घेते. जो वास आपल्याला नुसता नकोसा वाटतो तो पिल्लाला घातक ठरू शकतो. सिगारेटचा धूर, अगरबत्ती आणि अत्तर यांच्याजवळ राहिलेली लोकरही टाळा.

## टप्पा 3: सुई निवडा आणि आधी एक तुकडा विणा

क्रोशावर विणणार असाल तर 5 मिलिमीटरची धातूची सुई घ्या. प्लास्टिकची या ताणाला मोडते. लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणायचं आहे. एका धाग्याने कितीही घट्ट विणलं तरी भिंत उभी राहत नाही.

वेष्टनावर या लोकरीसाठी सुईचा एक क्रमांक सुचवलेला असतो. तो एका धाग्यासाठी असतो. दोन धागे झाले म्हणून मोठी सुई घ्यावीशी वाटते, आणि सैल घरट्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे. धागे दुप्पट करा, पण सुई तीच ठेवा.

आता टाक्याबद्दल. आपल्याला मुका खांब हवा आहे, म्हणजे सुईवर आधी धागा न गुंडाळता घातलेला बुटका, घट्ट टाका. अमेरिकन नमुन्यांत त्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश नमुन्यांत त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला आहे हे न बघता डबल क्रोशे वाचून उंच खांब घातले, की दोन खांबांमध्ये सरळ फटी पडतात. अशी घरटी मी ढिगाने पाहिली आहेत, आणि एकही वापरता आलेलं नाही.

साधारण 15 मुके खांब रुंद आणि 10 ओळी उंच असा चौकोनी तुकडा विणा. 10 सेंटीमीटरमध्ये 12 च्या आसपास खांब यायला हवेत. त्यापेक्षा कमी आले तर वीण सैल आहे, अर्ध्या मिलिमीटरने लहान सुई घ्या.

तपासा: तुकडा दिव्यासमोर धरा. प्रकाश धूसर झिरपला तर चालेल, पण प्रकाशाचे ठिपके दिसायला नकोत. मग आगपेटीतल्या काडीचं बोथट टोक विणीवर टेकवा. जोर न लावता ती आत शिरली तर पिल्लाचं बोटही शिरेल.

एवढं घट्ट विणताना मनगट आणि अंगठा दुखतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात मोकळे करा. हात थकला की वीण आपोआप सैल होते, म्हणून एका बैठकीत एकच घरटं पुरे.

## टप्पा 4: माप ठरवा

मापं आतली धरा. दुहेरी लोकरीची भिंत जवळजवळ एक सेंटीमीटर जाड होते, त्यामुळे बाहेरून मोजलं की घरटं आतून अपेक्षेपेक्षा लहान निघतं.

- लहान: आतला व्यास 5 ते 6 सेंटीमीटर, उंची 5 सेंटीमीटर. चिमणीएवढ्या आणि त्याहून छोट्या पक्ष्यांची पिल्लं.
- मध्यम: आतला व्यास 8 सेंटीमीटर, उंची 6 ते 7 सेंटीमीटर. बुलबुल, साळुंकी यांच्याएवढी पिल्लं, किंवा छोट्या पिल्लांचा मोठा गट.
- मोठं: आतला व्यास 11 ते 12 सेंटीमीटर, उंची 8 सेंटीमीटर. कबुतर, कावळा.

शंका असेल तर लहान माप निवडा. मोठं घरटं जास्त दिवस पुरेल हा विचार कपड्यांना लागू होतो, घरट्याला नाही. ऐसपैस घरट्यात पिल्लं पसरतात, पाय फाकतात आणि ऊब विरते.

## टप्पा 5: तळ (क्रोशावर)

आकडे मध्यम घरट्याचे आहेत.

1. दोन्ही धागे एकत्र धरून बोटाभोवती एक गोल फास करा आणि त्यात 6 मुके खांब घाला. धाग्याचं सुरुवातीचं टोक ओढून मधलं भोक पूर्ण बंद करा. किमान 15 सेंटीमीटर लांब टोक ठेवा.
2. प्रत्येक खांबात दोन खांब: 12.
3. एक साधा, पुढच्यात दोन, असं पूर्ण फेरीभर: 18.
4. दोन साधे, पुढच्यात दोन: 24.
5. तीन साधे, पुढच्यात दोन: 30.
6. चार साधे, पुढच्यात दोन: 36.

लहान घरट्यासाठी 24 वर थांबा. मोठ्यासाठी याच पद्धतीने 42 आणि मग 48 करा.

फेरी संपल्यावर ती जोडून साखळी घालू नका, तसंच गोल गोल पुढे विणत राहा. जोड दिला की प्रत्येक फेरीत एक फट राहते आणि त्या फटी एकाखाली एक येतात. फेरी कुठे सुरू झाली हे कळावं म्हणून पहिल्या खांबात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवा आणि दर फेरीला तो वर सरकवा. काम संपल्यावर तो काढायला विसरू नका. विसरलेले खुणेचे धागे मला आजही घरट्यांत सापडतात.

तपासा: तळ टेबलावर ठेवा. कडा लहरींसारख्या उठल्या असतील तर टाके जास्त वाढवले आहेत. वाटीसारखा वर वळला असेल तर एखादी वाढ राहून गेली आहे. दोन्ही वेळा उसवून मागे जा, कारण डगमगणारा तळ पुढे कशानेही सुधारत नाही. आणि मधलं भोक पुन्हा बघा, कारण पिल्लाची नखं नेमकी तिथेच टेकतात.

## टप्पा 6: भिंत

आता टाके न वाढवता प्रत्येक खांबात एकच खांब घालत गोल विणत जा. लहान घरट्याला साधारण 6 फेऱ्या लागतात, मध्यमला 8, मोठ्याला 10. फेऱ्यांपेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवा, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

सुई नेहमी खालच्या खांबाच्या दोन्ही धाग्यांखालून घाला. तळ आणि भिंत यांच्यामध्ये छान कड दिसावी म्हणून काही नमुन्यांत एक फेरी फक्त मागच्या धाग्यातून विणायला सांगतात. टोपलीसाठी ते ठीक आहे. घरट्यात त्यामुळे तळाच्या कोपऱ्यात, म्हणजे पाय असतात तिथेच, वीण पातळ होते.

भिंत सरळ वर जायला हवी. वाडग्यासारखी बाहेर पसरत गेली तर दर फेरीला टाके मोजा, कुठेतरी एक-दोन जास्त झालेले असतात. पसरट भिंत पिल्लांच्या वजनाने उघडते आणि एक पिल्लू काठावरून बाहेर पडतं. रात्री पडलेलं पिल्लू सकाळपर्यंत थंडगार झालेलं असतं.

भिंत बसत असेल तर घरटं दुहेरी करण्यासाठी वरचा अर्धा भाग आत दुमडू नका. दुमड भक्कम असते, पण तिच्या आत घाण साचते आणि ती वाळत नाही. त्याऐवजी पुढचं घरटं तीन धाग्यांनी विणून पाहा, सुई अर्धा ते एक मिलिमीटर मोठी घेऊन. ते जड वाटेल, पण तसंच हवं असतं.

## टप्पा 7: काठ आणि टोकं

शेवटच्या फेरीत काठ किंचित आत घ्या: मध्यम घरट्यात चार साधे खांब, मग दोन खांबांचा एक, असं फेरीभर करून 36 चे 30 होतील. आत झुकलेला काठ भिंतीला उभं धरतो. त्यावर एकही साखळीची नक्षी, झालर, फूल किंवा बटण नको.

धागा कापताना 20 सेंटीमीटर टोक ठेवा. मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत एक-एक धागा ओवून तो बाहेरच्या बाजूने विणीतून न्या. आधी एका दिशेने सहा-सात टाके, मग उलट दिशेने तेवढेच, मग पुन्हा एकदा पहिल्या दिशेने. नंतरच कापा. तळाच्या मध्यातलं टोक त्या गोलाभोवती दोनदा फिरवून मग ओवा. नाहीतर धुताना फास सैल होतो आणि बंद केलेलं भोक परत उघडतं.

लोकरीचा गुंडा मध्येच संपला तरी गाठ मारू नका. नवा धागा जोडून दोन्ही टोकं अशीच ओवा. गाठ आत टोचते, आणि धुण्यात सुटली तर तिच्या जागी दोन सुटी टोकं आणि एक भोक राहतं.

शेवटी घरट्याच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. जी बाजू जास्त गुळगुळीत ती आत यायला हवी. उलट असेल तर घरटं पालथं करून घ्या, आणि ओवलेली टोकं आतून जाणवत नाहीत ना ते पुन्हा बघा.

## दोन सुयांवर विणणाऱ्यांसाठी

क्रोशाची वीण मुळातच ताठ असते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी तीच सुचवते. सुयांवर हात बसलेला असेल तर 5 मिलिमीटरच्या दुतोंडी सुया घ्या. सैल हात असेल तर 4.5 च्या घ्या. धागे तसेच दोन.

मध्यम घरट्यासाठी 48 टाके घालून गोल जोडा. लहानसाठी 32, मोठ्यासाठी 64. पहिल्या चार फेऱ्या आळीपाळीने सुलट आणि उलट विणा, म्हणजे काठ बाहेर गुंडाळला जात नाही. मग हवी ती उंची येईपर्यंत सगळे सुलट. तळ सुरू करण्याआधी एक पूर्ण फेरी उलट विणा. तिथे घडी पडते आणि घरटं सपाट बसतं.

तळासाठी टाके कमी करत जा: चार सुलट, मग दोन टाक्यांचा एक, असं फेरीभर, 40 राहतील. पुढची फेरी साधी. मग तीन सुलट आणि दोनाचा एक, पुन्हा साधी फेरी. असं करत 24, 16 आणि शेवटी 8 वर या. मोठ्या घरट्यात सुरुवात सहा सुलट आणि दोनाच्या एकाने होते, लहानात दोन सुलट आणि दोनाच्या एकाने. धागा उरलेल्या 8 टाक्यांतून दोनदा ओवून घट्ट आवळा.

इशारा: एका सुईवरून दुसऱ्या सुईवर जाताना टाके सैल पडून उभी शिडी तयार होते. प्रत्येक सुईवरचे पहिले दोन टाके जोर लावून ओढा आणि दर काही फेऱ्यांनी सुयांमधली जोडाची जागा दोन टाक्यांनी पुढे सरकवा. परत येणाऱ्या सुयांवरच्या घरट्यांत ही शिडी हमखास असते.

## टप्पा 8: स्वतःच तपासणीस व्हा

विणून झाल्यावर लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा.

घरटं टेबलावर ठेवून काठ बोटाने खाली दाबा आणि सोडा. ते परत उभं राहायला हवं. चार बोटं आत घालून पसरवा, त्वचा दिसायला नको. दिव्यावर पालथं धरून तळाचा मध्य आणि तळ-भिंतीचा कोपरा पाहा. मग करंगळीचं नख आतून सर्व बाजूंनी ओढत न्या. नख कुठे अडकलं तर तिथे सैल टाका आहे, आणि पिल्लाचं नखही तिथेच अडकेल. एकदा अशाच एका टाक्यात अडकलेलं पिल्लाचं नख आम्ही कात्रीने धागा कापून सोडवलं. पाय वाचला, कारण दर वीस-तीस मिनिटांनी भरवायला कुणीतरी तिथे जात होतं आणि ते वेळेत लक्षात आलं.

## टप्पा 9: धुवा, वाळवा, पाठवा

बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका. नीट खंगाळून पूर्ण वाळवा. ही विणीची परीक्षाही आहे, कारण वाईट ओवलेलं टोक पहिल्याच धुण्यात बाहेर येतं. म्हणून धुतल्यावर टप्पा 8 पुन्हा करा. रंग उतरत असेल तर ते घरटं पाठवू नका.

मापांनुसार गट करून एकात एक रचा आणि प्रत्येक गटावर आतला व्यास लिहा. घरात मांजर असेल तर वाळलेली घरटी लगेच बंद पिशवीत ठेवा.

## टप्पा 10: पिल्लू ठेवताना

हा भाग केंद्रात नव्याने काम करणाऱ्यांसाठी आहे.

घरट्यात बिनवासाच्या साध्या टिश्यू पेपरचे थर वाटीसारखे दाबून बसवा. पिल्लू थेट लोकरीवर कधीच ठेवू नका. खोली टिश्यूने जुळवायची असते: पिल्लाचं अंग काठाच्या खाली राहावं, पण चोच उघडून मान वर केल्यावर ती काठाच्या वर यावी, आणि मागे सरकल्यावर शेपटीकडची बाजू काठापर्यंत पोहोचावी. एकटंच पिल्लू असेल तर टिश्यूची गुंडाळी करून बाजूंनी आधार द्या. पाय पोटाखाली आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा.

डोळे मिटलेल्या, पिसं नसलेल्या पिल्लांना साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. ती बाहेरून द्या. ॲक्रिलिक जास्त उष्णतेत वितळतं, म्हणून घरटं गरम पृष्ठभागावर किंवा दिव्याला चिकटवून ठेवू नका.

टिश्यू मळला की बदला, बहुतेकदा दर भरवणीला. घरटं ओलं लागलं तर त्याच क्षणी बदला, संध्याकाळची वाट पाहू नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या पिल्लांना न धुतलेलं घरटं वापरू नका, कारण त्यातून परजीवी पसरतात. पिल्लू काठावर चढून उभं राहू लागलं, पंख फडफडवू लागलं, की घरट्याचं काम संपलं. आता त्याला फांद्या द्या.

## पिल्लू तुम्हालाच सापडलं तर

घरात विणलेलं घरटं तयार आहे म्हणून पिल्लू ठेवून घेऊ नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय वन्य पक्षी बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि भरवण्याचं काम शिकल्याशिवाय जमत नाही.

पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुधा अनाथ नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. धोक्याच्या जागी असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडं पिल्लू असेल तर वर घरटं शोधा आणि परत ठेवा. माणसाच्या वासामुळे पक्षी पिल्लाला टाकतात हे खरं नाही. घरटं सापडलं नाही किंवा आईबाप मेलेले दिसले, तर टिश्यू घातलेल्या विणलेल्या घरट्यात ठेवून, झाकण असलेल्या हवेशीर खोक्यात, उबेत, शांत जागी ठेवा आणि केंद्राला फोन करा. मांजराने धरलेलं पिल्लू वरून धड दिसलं तरी तातडीने पशुवैद्याकडे न्या.

इशारा: तोंडात पाणी टाकू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं आणि थेंब सरळ आत जातो. दूधही देऊ नका.

## टप्पा 11: जुनी घरटी

घरटी वरची घाण काढून मग गरम पाण्यात धुवा, जंतुनाशकात भिजवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत खंगाळा. दर धुण्यानंतर बोटांची आणि नखाची तपासणी पुन्हा करा. भिंत बसली, धागा फुलला किंवा तळ पातळ झाला, की ते घरटं बाद करा. शिवून, ठिगळ लावून वाचवू नका, ठिगळाच्या कडा नखं पकडतात.

बाद घरटं आणि विणताना उरलेले धाग्यांचे तुकडे झाकणाच्या कचरापेटीत टाका. पक्ष्यांना घरट्यासाठी उपयोगी पडतील म्हणून ते गच्चीवर किंवा झाडावर ठेवणारे खूप जण आहेत. पक्षी तो धागा खरोखरच उचलतात, घरट्यात विणतात, आणि मग त्या घरट्यातलं पिल्लू पायाला धागा गुंडाळलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतं.